छातीवर दोनदा

माझ्या नवऱ्याचा धंदा पकडला जाण्याचा होता. हसू नका. पोलीस प्रशिक्षण केंद्रात त्याला त्यासाठीच ठेवलं होतं.

आमच्या रंगाचा एक म्हातारा चौकीत मेला. लोक रस्त्यावर आले, काचा फुटल्या, आणि वरच्यांना एकदम शहाणपण सुचलं की पोलिसांचा दर्जा वाढवला पाहिजे. म्हणजे नव्या भरतीच्या पोरांना माणसाशी माणसासारखं बोलायला शिकवायचं. पोरं सगळी गोरी. सरावाला समोर काळा माणूस हवा, आणि केंद्रात काळे फक्त संडास धुणारे. मग बाहेरून एक आणला. माझा नवरा तेव्हा कपड्यांचं दुकान बंद पडल्यामुळे घरीच होता. आयुष्यभर गिऱ्हाइकाचा राग झेललेला माणूस. त्याला लगेच घेतलं.

संध्याकाळी घरी आला की मी विचारायची, "आज काय काय केलंस?"

"सकाळी दारुडा होतो. मग गाडीचोर. जेवल्यावर वेडा."

"वेड्याला वेगळी तयारी लागली नसेल."

"नाही, तुझीच नक्कल केली. मॅडम म्हणाल्या, फार जिवंत वाटलं."

मॅडम म्हणजे तो वर्ग चालवणाऱ्या बाई. गोऱ्या, स्वतः गणवेशात केस पिकवलेल्या. हा वर्ग सुरू करायला त्या वरिष्ठांशी भांडल्या होत्या, आणि खात्यातले निम्मे लोक त्यांना पाण्यात बघत होते. माझ्या नवऱ्याला त्या 'सर' म्हणायच्या आणि पोरांनाही म्हणायला लावायच्या. पोलीस आपल्याला सर म्हणतात याचं त्याला काय कौतुक होतं! मला रोज सांगायचा. मी म्हणायची, "वर्गाबाहेर म्हणतात का ते बघ आधी."

सरावाचा एक नियम होता, तोही मॅडमनीच घातलेला. सोंग हाताबाहेर गेलं, कुणी खरंच हात पिरगाळला, खरंच श्वास कोंडला, तर उघडा पंजा छातीवर दोनदा आपटायचा. की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. पोरं थांबायचीही. ही खूण त्याच्या अंगात इतकी मुरली होती की घरात आमचं भांडण चढलं तरी तो छातीवर पंजा आपटायचा. मला हसू यायचं आणि भांडण मरायचं.

त्या दिवशी भर दुपारी तो केंद्रातूनच परत येत होता. अंगात जाकीट, खांद्यावर सोंगाच्या कपड्यांची पिशवी. कुणीतरी फोन केला होता की एक काळा माणूस पिशवी घेऊन घरांच्या दारांशी बघत फिरतोय. बघत फिरत नव्हता, सावलीतून चालत होता. गस्तीची गाडी आली, त्यातून एक तरुण शिपाई उतरला आणि ओरडला, "हात वर! हलू नकोस!"

माझ्या नवऱ्याने त्याला ओळखलं. गेल्याच वर्षी त्या पोराने याला वर्गात किती वेळा अडवलं होतं, किती वेळा सर म्हटलं होतं. याला बरंच वाटलं, आपलाच पोरगा आहे. पण पोराने पिस्तूल काढलं. सोंग हाताबाहेर गेल्यावर अंग जे करायला शिकलं होतं तेच अंगाने केलं. उघडा पंजा छातीवर गेला. एकदा आपटला.

दुसऱ्यांदा आपटायच्या आत गोळी लागली. उजव्या खांद्यात.

वर्गात त्या पोराला ही खूण पाठ होती. रस्त्यावर त्याला काळा हात जाकिटाकडे जाताना दिसला. वर्गात समोर 'सर' असायचे, रस्त्यावर फक्त रंग होता. ह्याला दर्जा म्हणतात.

शुद्धीवर आल्यावर हे सगळं त्याने मला स्वतः सांगितलं. डॉक्टर म्हणाले जीव वाचला, हात मात्र गेल्यातच जमा. मी त्याला म्हटलं, "चौकशी होणार आहे. तिथे हे असंच्या असं सांगायचं. खूण त्यांची आहे, त्यांनी शिकवली आहे. पोराची नोकरी जाऊ दे नाहीतर जहन्नममध्ये जाऊ दे, पण हे लिहिलं गेलं पाहिजे." मला दुसरं काही नको होतं. हात परत येणार नव्हता, निदान खरं तरी त्याच्या बाजूने असावं.

मॅडम हॉस्पिटलात रोज यायच्या. एकदा त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. रडून डोळे सुजले होते त्यांचे, खोटं कशाला सांगू.

"ही खूण चौकशीत आली," त्या म्हणाल्या, "तर खात्यातले ते लोक म्हणतील, बघा, वर्गामुळेच माणूस मरायला टेकला. वर्गच बंद करा. ते टपूनच बसलेत."

"मग होऊ दे बंद."

"असं नका म्हणू. पुढच्या पोरांना कोण शिकवणार?"

"ह्या पोराला शिकवलं होतं ना तुम्ही? काय शिकला?"

त्यांनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "त्याने लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. जखमेवर हात दाबून बसला. आधीचे तेवढंही करत नव्हते."

त्यांना ही मोठी गोष्ट वाटत होती. भयानक भाग पुढेच आहे. ती खरंच मोठी गोष्ट होती.

मी आत गेले. नवरा छताकडे बघत पडला होता. भिंत पातळ, सगळं ऐकलं होतं त्याने.

"मॅडमचं बरोबर आहे," तो म्हणाला.

"तुझा हात गेलाय."

"म्हणून तर. उगाच गेला असं व्हायला नको."

"तो उगाचच गेलाय, अरे! अक्कल गहाण टाकलीस का?"

डावा पंजा त्याच्या छातीकडे निघाला आणि मध्येच थांबला. पुन्हा त्याने ती खूण कधी केली नाही.

चौकशीच्या खोलीत टेबलामागे तीन माणसं, तिघंही गोरी. पाण्याचे ग्लास, पंखा, भिंतीवर नव्या आचरणाचे नियम मोठ्या अक्षरात. मॅडम पहिल्या रांगेत. मी मागे. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही हात जाकिटाकडे का नेलात?"

त्याने एकदा मॅडमकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"घाबरलो साहेब. विनाकारण हलला हात. चूक माझी."

मी उभी राहिले. "खोटं बोलतोय तो! वर्गातली थांबायची खूण आहे ती. ह्या मॅडमनी शिकवली. विचारा त्यांना!"

"ताई, खाली बसा. तुमची साक्ष नाहीये."

"पण विचारा की!"

अध्यक्षांनी उपचार म्हणून विचारलं. मॅडम उठल्या. त्यांनी खोटंही सांगितलं नाही. म्हणाल्या, "सराव वेगळा आणि रस्ता वेगळा. यांनी स्वतः जे सांगितलं आहे त्यावर मी काही बोलणं योग्य नाही." आणि बसल्या.

निकाल लागला. शिपायाने आधी इशारा दिला होता, मदत लगेच बोलावली होती, दोष कुणाचाच नाही. वर एक शाबासकी: जखमीचा जीव वाचला हे नव्या प्रशिक्षणाचं यश मानायला हवं. वर्ग आता सगळ्या जिल्ह्यांत सुरू करणार. मॅडमनी चेहरा रुमालात लपवला. आनंदाने की लाजेने, मी विचारायला गेले नाही.

बाहेर व्हरांड्यात तो पोरगा आला. गणवेशात, कमरेला पिस्तूल. मला वाटलं, ह्याचा गळा धरावा.

"सर," तो म्हणाला, "मी तुम्हाला ओळखलंच नाही."

"ठाऊक आहे मला." मग माझा नवरा, गळ्यात हात बांधलेला, त्याला शिकवायला लागला. "तुझा आवाज फार लवकर चढला. आणि हात वर कर म्हणालास, लगेच हलू नकोस म्हणालास. दोन्ही एकदम कसं करायचं माणसाने? एक काय ते सांगायचं आणि थांबायचं."

पोरगा मान डोलवत होता. अगदी मन लावून. "लक्षात ठेवीन सर," म्हणाला, आणि ड्युटीवर गेला.

"बघितलंस? ऐकून घेतो तो," नवरा मला म्हणाला. कितीतरी दिवसांनी चेहरा जरा खुलला होता.

एका हाताने त्याला जमत नव्हतं, म्हणून मी त्याच्या कोटाची बटणं लावली आणि आम्ही रस्त्यावर आलो. ऊन होतं, माणसं होती, दुकानं उघडी होती. कोपऱ्यावर एक गस्तीची गाडी उभी होती, आतले दोघे काहीतरी खात होते. आमच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

माझा नवरा थांबला. त्याची नजर त्या गाडीवर होती.

"आपण पलीकडून जाऊ या," तो म्हणाला.