भागवतरावांचा डावा पाय

आपला डावा पाय गेला, ही गोष्ट आष्टीच्या भागवतरावांनी पंधरा दिवस पोटात ठेवली होती. चालताना पाय ठीक होता, पण गाडीत बसून क्लच दाबला की तळव्याला काही लागतच नव्हतं. सगळं मऊ, पोकळ. त्यातून त्यांना शुगर. थोरल्या भावाचं, कडूबाचं, असंच झालं होतं. आधी तळवा बधिर झाला, मग जखम झालेली कळली नाही, शेवटी पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

भागवतरावांनी चिमटे काढून पाहिले. चांगलं दुखलं. पण भीतीपुढे अक्कल चालते होय? वरची कातडी शाबूत असेल, आतली नस मेली असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. दवाखान्यात जायचं तर डॉक्टर नेमकं तेच सांगायचा. त्यापेक्षा एसटी बरी, म्हणून गाडी दारात उभी राहिली.

रविवारी लेक आली. पायल जालन्याच्या एका गॅरेजात मेकॅनिक होती. आईला परतूरला न्यायचं म्हणून तिनं गाडी काढली आणि फाटकापाशीच थांबवली.

"अण्णा, क्लचनं हवा धरलीय. तेलाची डबी पाहा, पार आटली. नळीचा जोड ढिला हाय, तिथून तेल गेलं अन् हवा शिरली. दाबलं तरी पायाला काय लागणार?"

विहिरीवरच्या इंजनाची हवा काढण्यात भागवतरावांचा जन्म गेला होता. पण आता आशा धरायला ते धजेनात.

"म्हंजी कुणाच्याच पायाला लागणार न्हाई?"

"माझ्या तरी कुठं लागलं?"

पायलनं जोड आवळला, डबीत तेल ओतलं आणि पोतं अंथरून ती गाडीखाली शिरली. हवा काढायच्या तोंडाला तिनं पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. भागवतराव चप्पल काढून अनवाणीच आत बसले.

"दाबा!"

"दाबलं."

तिनं पाना फिरवला. बाटलीत बुडबुडे उठले आणि पेडल भसकन खाली जाऊन तिथंच बसलं. तिनं पान्यानं ते तोंड पुन्हा आवळलं. "सोडा!" भागवतरावांनी पेडल हातानं उचललं. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. मधून मधून ती उठून डबीत तेल घालायची. हळूहळू बुडबुडे कमी झाले, आणि एकदा दाबताना तळव्याला खालून काहीतरी भिडलं.

"पोरी, लागलं!" भागवतराव ओरडलेच.

"लागणारच की. अजून दाबा."

आता पेडल पायाला चांगली टक्कर देत होतं. हवा निघाली, झालं, असं पायल म्हणाली तरी ते दाबतच राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसतही होते. साळूबाई, त्यांची बायको, ओरडा ऐकून धावत बाहेर आली. भागवतरावांनी तिला सगळं सांगून टाकलं.

"चिमटे काढून राह्यले ते दिसत व्हतं मला," ती म्हणाली. "कडूबा भाऊजींचं मलाबी आठवलं. मंग तुम्ही झोपले की रोज तळव्याला गुदगुल्या करून पाहायची. तुम्ही पाय वढून घेतला की मी सुखानं झोपायची."

"अगं, मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही सांगितलं व्हतं का मला?"