चाळीस रत्तलांच्या आत

दशरथ कामाला होता तो अंधेरीचा काचकारखाना बंद पडून पाचवा महिना लागला, तेव्हा त्याच्या बायकोच्या, प्रेमाच्या, घरातलं दूध कधीच बंद झालं होतं. आशा होती ती म्युनिसिपालिटीच्या शाळेची. वजन चाळीस रत्तलांच्या आत असेल त्या पोरांना तिथे रोज पेलाभर दूध मिळे. तिची सात वर्षांची कुंदा जूनमध्ये छत्तीस रत्तल भरली होती, नुसती शेवग्याची शेंग. दुधानं गुण दिला. पोरीचे गाल वर आले आणि आईला घोर लागला. मूल दुधावर सावरलं, की दूध बंद! हा नियम करणाऱ्याच्या घरची मांजरंसुद्धा सायीवर वाढली असणार.

मागच्या आठवड्यात प्रेमानं तिला कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर उभं केलं. बरोबर चाळीस. शाळेतलं वजन आज होतं.

म्हणून काल सकाळी ती कुंदाला म्हणाली, "आज मोठी एकादशी आहे गं, दोघी उपास करू." एकादशी नि दुप्पट खाशी म्हणतात, इथे वरीचा दाणा नव्हता. पोरगी निमूट पाणी पिऊन राहिली. प्रेमाला मात्र स्वतःची किळस आली.

शाळेच्या व्हरांड्यात आयांची रांग लागली होती. कुंदा खांबाला टेकून उभी होती, तिचे पाय लटपटत होते. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला तिच्या वर्गाच्या रत्नप्रभाबाई बाहेर आल्या.

"काटा वॉर्ड ऑफिसातनं आलाच नाही. उद्या या सगळ्याजणी."

"बाई, हात जोडते, आजच करा ना कसंही!" प्रेमा ओरडलीच.

"अहो, वजन काय नुसत्या डोळ्यांनी करू? एका दिवसानं काय बिघडतंय?"

काय बिघडतं ते बाईंना कुठल्या तोंडानं सांगणार? आणखी एक दिवस उपाशी ठेवलं तर पोर आडवी होईल, खायला घातलं तर दूध जाईल. घरी येईपर्यंत प्रेमाच्या डोक्यात हाच घोळ. दारातच कुंदाला भोवळ आली आणि प्रेमाचा धीर सुटला. खड्ड्यात गेलं ते दूध, म्हणत तिनं तांदळाची पेज शिजवली, मीठ घातलं, वाटी पोरीपुढे ठेवली.

कुंदानं वाटी मागे सारली. "नको. उद्या वजन आहे ना?"

प्रेमा चरकली. "उपास होता गं. सुटला आता."

"उपास नव्हताच. शेजारच्या काकू काल भात जेवत होत्या. चाळीस भरले की दूध बंद, मला ठाऊक आहे. डब्यातली भाकरीपण मी वर्गातल्या जयंतीला देते. रोज."

"कधीपासनं?"

"तू वखारीत उभं केलंस ना, तेव्हापासनं."

प्रेमानं तिला मांडीवर ओढलं. रडत रडत वाटी तिच्या तोंडाशी नेली. "खा गं माझे आई, माझं चुकलं."

कुंदानं ओठ घट्ट मिटून घेतले.