जेवण न पाहिलेली ताटं

किण्ण.

भर दुपारी वीज गेलेली असते, पंखा थांबलेला असतो, घर अगदी गप्प असतं. अशा वेळी खालच्या रस्त्यावरून एखादा ट्रक जातो आणि माझ्या पोटातला एक पेला शेजारच्या पेल्याला लागतो. एवढाच आवाज. तो ऐकला की घरची मालकीण इरिनी स्वयंपाकघरातून डोकावते, माझ्यावरून नजर फिरवते आणि पुन्हा आत जाते. काही फुटलेलं नसतं. कधीच नसतं. वापरायचंच नाही ते फुटणार कसं?

मित्रांनो, मी एक जुनं काचेचं कपाट आहे. आमच्या मिन्या शहरात मला नीश म्हणतात. इथे लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येक मुलीबरोबर माझ्यासारखं एक कपाट येतं. त्यात चिनी मातीची ताटं, सोनेरी काठाच्या वाट्या, काचेचे पेले असं सगळं पाहुण्यांसाठी म्हणून ठेवतात आणि कुलूप लावतात. पाहुणे येतात, माझ्याकडे बघतात आणि रोजच्या पेल्यातून चहा पिऊन जातात. नुसतं बघू देणं हाच माझा संसार.

माझा जन्म समुद्रकाठच्या दुम्यात शहरातला. उस्ता सब्री नावाच्या सुताराने मला घडवलं. त्याचे हात भारी होते. माझ्या माथ्यावर तो गुलाब कोरणार होता, पण गिऱ्हाईक ख्रिस्ती बाई आहे असं कळल्यावर त्याने आपणहून द्राक्षाचा वेल कोरला. ती बाई म्हणजे इरिनीची आई, अवातिफ. भावाला बरोबर घेऊन ती एवढ्या लांब आली होती.

"नवरी कितवीत... म्हणजे केवढी आहे?" सब्रीने विचारलं.

"कितवीत हेच विचार. सहावीत आहे," अवातिफ म्हणाली. "पण भाव थांबतात का तिच्या लग्नासाठी?"

"मग बाई, नवरी सजेपर्यंत माझं पॉलिश म्हातारं होणार."

"त्याला मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवीन. तू वेल नीट कोर."

आणि तिने खरंच ठेवलं. बारा वर्षं मी तिच्या मागच्या खोलीत प्लास्टिक पांघरून उभं होतं. तुम्हाला वाटेल, तिथे मला काय दिसणार? पण एका कोपऱ्यात प्लास्टिक फाटलं होतं. तेवढ्यातून मी एक लहान मुलगी मोठी होताना पाहिली.

इरिनीचे बाबा शफीक कुवेतला फरशा बसवायला गेले होते. दोन वर्षांसाठी म्हणून गेले तेव्हा इरिनी चार वर्षांची होती. परतले तेव्हा ती पंधरा वर्षांची. मधल्या काळात दर दुसऱ्या उन्हाळ्यात ते महिनाभर येत, आणि बरोबर खोकी आणत. खोक्यांत ताटं असत. फुटू नयेत म्हणून ती आपल्या जुन्या बनियनांत गुंडाळलेली असत. अवातिफ एकेक ताट सोडवून उजेडात धरायची, तडा नाही ना बघायची, आणि बनियन बाजूला टाकायची. इरिनी ते बनियन उचलायची. त्यांना सिमेंटचा वास यायचा. महिना संपून बाबा गेले की त्यातलं एक उशाशी घेऊन ती झोपायची. आईला वाटायचं, पोरीला चिंध्या जमवायची खोड आहे.

मी कपाट आहे, मला काय कळतं? पण त्या घरात सगळ्यात जपून काय ठेवलं होतं आणि कोण तसंच पडून होतं, हे त्या फाटक्या कोपऱ्यातूनही दिसत होतं.

मग इरिनीचं लग्न ठरलं. नागी गणिताचा शिक्षक, शांत, थोडा विनोदी. मला दोरखंड बांधून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लग्नाच्या आठ दिवस आधी नवरीचं सामान बघायला बायका आल्या. एकीने तर काचेला नाक लावून वाट्या मोजल्या. "बहात्तर नग," ती मागे वळून म्हणाली, "आणि सगळे एका जातीचे. शफीकने पोरीला राणी केली." अवातिफचा ऊर भरून आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर शफीक बसले होते. ते आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिले. इतकी वर्षं जमिनीवर टेकून ते गुडघे गेले होते.

ते माझे कौतुकाचे दिवस. आठच होते.

त्यानंतर नऊ वर्षं मी उभं आहे. दर मोठ्या सणाआधी इरिनी माझं कुलूप काढते, बहात्तर नग धुते, पुसते आणि परत लावते. मित्रांनो, खरकटी न झालेली ताटं धुण्याइतकं थकवणारं काम दुसरं नसेल. तिची पाठ भरून येते आणि माझ्या फळ्या वाकतात. माझं मधलं फळकुट आता इतकं खाली आलंय की काचेचं दार ओढून लावावं लागतं.

ह्या नऊ वर्षांत घर भरत गेलं. भिंतीएवढा टीव्ही आला. दुसरा फ्रिज आला, कारण पहिल्यात मावेना. जेवणाच्या टेबलाला आठ खुर्च्या आल्या. माणसं तीन, नागी, इरिनी आणि सात वर्षांची युस्तिना. हे सगळं आणायला नागी शाळेनंतर शिकवण्या घ्यायचा. एक संपली की दुसरी. तो यायचा तेव्हा युस्तिना झोपलेली असायची, आणि ती उठायची तेव्हा तो आपल्या शाळेला निघून गेलेला. एकदा तिने वहीत घराचं चित्र काढलं. त्यात मला काढलं, टीव्ही काढला, आई काढली. बाबा कुठे आहेत असं विचारल्यावर म्हणाली, "शिकवणीला." नागी हसला. पण चित्र बराच वेळ हातात धरून बसला.

आणि तरीही कुवेतचा कागद आला. तिथल्या एका खाजगी शाळेत नोकरी, दोन वर्षांचा करार. नदीपलीकडे नव्या मिन्यात मोठं घर घ्यायचं होतं. तिथल्या बैठकीत मी नीट दिसेन, असं अवातिफचं म्हणणं. करार आणि पासपोर्ट माझ्यात, सूपच्या मोठ्या झाकणाच्या भांड्यात ठेवले गेले. सही तेवढी राहिली होती.

त्याच आठवड्यात मोठा उपास सुरू झाला. पंचावन्न दिवस मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. इरिनी लहान होती तेव्हा ह्या दिवसांत घरात फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची उसळ असायची, मसूर असायचे, कांदा असायचा. आता बाजारात उपासाचं चीज मिळतं, उपासाचं चॉकलेट, उपासाचा क्रीमचा केक. उपासात पिशव्या उलट जड होतात. पहिल्या रविवारी, ज्याला हे लोक ठेव्यांचा रविवार म्हणतात, ती तिघं चर्चमध्ये अबूनाचं, म्हणजे पाद्रीबाबांचं, प्रवचन ऐकून घरी आली. कपडे बदलता बदलता नागी म्हणाला, "अबूनाने आपल्या घरात कोणाला तरी नेमून ठेवलंय. थेट आपलाच फ्रिज उघडून बोलत होता."

"काय चूक बोलला?" इरिनी म्हणाली. "ताटातलं मांस सोडलंत, हाव तशीच ताटात आहे म्हणाला. मला तर वर बघवेना."

"तुलाच का? माझ्या शेजारचा तर खिशातलं उपासाचं चॉकलेट कुठे लपवू म्हणून शोधत होता."

ती हसली. मग हसता हसता माझ्यासमोर येऊन खुर्चीवर बसली. तिने किल्ली आणली, दार ओढून उघडलं आणि सूपच्या भांड्याचं झाकण काढलं.

"नऊ वर्षांत ह्यात पहिल्यांदा काहीतरी ठेवलं," ती म्हणाली, "आणि तेही तुझ्या जाण्याचा कागद."

"दोनच वर्षं आहेत, इरिनी."

"बाबाही दोनच म्हणाले होते."

नागी शर्टाचं राहिलेलं बटण लावू लागला.

"तुला माहितेय का," ती म्हणाली, "ते कायमचे परत आले तेव्हा मी दार उघडलं आणि म्हणाले, आई बाहेर गेलीय, नंतर या. दोन वर्षांत इतके वाळले होते, मी ओळखलं नाही त्यांना. त्यांच्या हातात खोकं होतं. ते जिन्यातच बसून राहिले, आई येईपर्यंत."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होतं. मागच्या खोलीतून जिना दिसत नाही.

"मग खायचं काय आपण?" नागी हळूच म्हणाला. "युस्तिनाची शाळा? नवं घर?"

"शाळेचं भागतं तुझ्या पगारात. नवं घर नको. दुसरा फ्रिज विकू. शिकवण्या दोन ठेव, बाकीच्या सोड. फूल खाऊ. संध्याकाळी तिघं मिळून प्रार्थना करू आणि तिघं मिळून जेवू. मला तू देवाने दिलास, नागी. हे बाकीचं आपणच आपल्या डोक्यावर चढवलंय."

"लोक हसतील."

"हसू देत. वर येऊन माझी ताटं मोजणाऱ्या बायका माझ्या पोरीला गोष्ट सांगायला येणार आहेत का?"

नागीने कागद हातात घेतला. त्याने तो लगेच फाडला नाही. फार थकलेला माणूस कुठलाही निर्णय पटकन घेत नाही. चार दिवस तो खिशात घेऊन फिरला. गुरुवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आत तो घरी आला, तेव्हा युस्तिना दचकून म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाही का?" तेव्हा त्याचं ठरलं.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं माझ्यासारख्यांनी तुम्हाला सांगायचं असतं. मी वेगळं सांगतं असं समजू नका, मी थकलंय म्हणून एवढंच सांगतं: आमच्यावरची धूळ एक दिवस राहिली तरी चालेल. पण जो आम्हाला आणायला बाहेर पडलाय, तो आधी घरी येऊ दे. आणि आणलंच असेल, तर आमच्यात जेवा. आम्ही फुटलो तर फुटू. त्यासाठीच तर आम्हाला घडवलंय.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अवातिफ आणि शफीक जेवायला यायचे होते. इरिनीने मला उघडलं, पाच ताटं काढली, पाच वाट्या काढल्या, आणि टेबलावर मांडल्या. युस्तिना खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. माझ्या फळीवर पाच गोल राहिले, धुळीचा काठ असलेले. किती हलकं वाटलं, काय सांगू.

अवातिफ आत आली ती उंबऱ्यातच थांबली.

"कोण येतंय? बिशपसाहेब?"

"कोणी नाही, आई. आपणच."

"आणि वाढणार काय?"

"बिसारा. कांदा तळून घातलाय वरून."

"डाळीचा हिरवा लगदा," अवातिफ म्हणाली, "सोनेरी काठाच्या ताटात. पोरी, ताप आलाय का तुला?"

नागीने तिला खुर्ची दिली. मग उभ्याउभ्याच सांगितलं, की तो जाणार नाही, करार परत पाठवला, नवं घर घेत नाहीत. अर्धी ताटं चर्चला द्यायची, जिच्या घरी नीश नाही अशा एखाद्या नवरीसाठी. उरलेल्यांत रोज जेवायचं.

अवातिफ बसली नाही. "ह्या माणसाने," तिने शफीककडे बोट केलं, "अकरा वर्षं उन्हात फरशा बसवल्या. पावाबरोबर कांदा खाल्ला. एकेक ताट छातीशी धरून आणलं. आणि तू ती वाटून टाकतेस? बोला की हो. तुमचीच आहेत ना?"

शफीक सावकाश खुर्चीत बसले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागतो. समोरचं ताट त्यांनी उचललं, उलटं केलं, मागचा शिक्का बघितला, पुन्हा नीट ठेवलं.

"ह्यांत मी कधी जेवलो नाही," ते म्हणाले. "वाढ, पोरी."

इरिनीने वाढलं. पहिल्याच पळीला बिसारा काठावर सांडला. तो शफीकनी पावाने पुसून खाल्ला. नागीने छोटी प्रार्थना म्हटली. अवातिफ शेवटी बसली, रुमालाने डोळे टिपले, आणि म्हणाली की मीठ कमी आहे. मग बराच वेळ फक्त ताटांवर पाव फिरण्याचा आवाज येत राहिला.

"तेता रडतेय," युस्तिना आजीकडे बघत आईच्या कानाशी म्हणाली. "आपण गरीब झालो का?"

"नाही गं," इरिनी म्हणाली. "आपल्याला आहे तेवढं पुरतं. बाबा घरी असले की पुरतं."

युस्तिनाने मान डोलावली. तिने नागीकडे पाहिलं. मग वाकून जेवणाऱ्या शफीककडे, आपल्या आजोबांकडे, पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मग तू लहान होतीस तेव्हाही पुरलं असतं का, ममा? गिद्दो गेले नसते तर?"