खांब जागा हाय

पलूसच्या पुढे माळावर एक टीचभर संस्थान होतं आणि त्याचा राजवाडा मात्र अख्ख्या गावाला पुरून उरेल एवढा. दरबारच्या दिवाणखान्यात दांडेलीच्या सागाचे सोळा खांब, खांबांना जोडणाऱ्या नक्षीदार महिरपी आणि वर बायकांसाठी लाकडी सज्जा. पूर्वेकडच्या सज्ज्याचा सगळा भार मधल्या एका खांबावर होता. तो मानाचा खांब. त्याला लोखंड लावायचं नाही, दर दसऱ्याला शेंदूर माखायचा, अशी चाल होती. ऐंशी वर्षांच्या शेंदराखाली लाकूड कसं आहे, हे बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

परीक्षा होती ती एकच. दसऱ्याच्या दरबारात नाथाजी सुतारानं लाकडी मोगरीनं खांबावर तीन ठोके द्यायचे, कान लावायचा आणि ओरडायचं, "खांब जागा हाय, सरकार!" लगेच नगारे झडायचे, बायका कठड्यावर वाकून फुलं उधळायच्या आणि नाथाजीला फेटा मिळायचा. त्याच्या पणज्यानं हे खरोखर तपासण्यासाठीच सुरू केलं असणार. पुढं त्याचा मंत्र झाला, आणि मंत्राला कोण कान देतो?

नाथाजीनं दिला होता. दोन वर्षांमागं तिसरा ठोका बद्द वाजला, पोकळ लाकडासारखा. भर दरबारात अपशकुन कसा बोलायचा, म्हणून तो "जागा हाय" असंच ओरडला आणि फेटा बांधून मिरवत घरी आला. पावसाची ओल असेल, असं त्यानं स्वतःला पटवलं.

सत्तेचाळीसच्या दसऱ्याला सकाळी शेंदूर लावताना त्याचं बोट खांबात शिरलं, चांगलं पेरभर आत. तसाच तो आप्पासो कारभाऱ्यांकडे गेला.

"आवं, मानाचा खांब पोकळ झालाय. आज सज्ज्यात कुणाला चढू देऊ नगासा."

"नाथाजी, पुढच्या दसऱ्याला संस्थान ऱ्हातंय का न्हाई, देवाला ठाऊक. ह्यो शेवटचा दरबार असंल. पंचक्रोशीच्या बाया नटून आल्यात, त्यांस्नी काय सांगू? गप ठोके दे आन् फेटा घे."

नाथाजीची लेक साळू सात महिन्यांची पोटुशी, आटपाडीहून माहेरी आली होती. "तू सज्ज्यात जायचं न्हाई," असं तिला बजावून त्यानं मनाची समजूत घातली. आपलं माणूस वर नाही ना, मग झालं. या विचाराची त्याची त्यालाच लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही.

दरबार भरला. सज्जा एवढा गच्च, की कठड्याबाहेर नुसते हातच हात दिसत होते. नाथाजीनं मोगरी उचलली, सवयीनं वर पाहिलं. खांबाच्या बरोब्बर वर, राणीसाहेबांच्या शेजारी, फुलांची परडी घेऊन साळू उभी होती. पोटुशीच्या हातची फुलं शुभ, म्हणून राणीसाहेबांनीच बोलावून घेतलं असणार. त्यांना नाही म्हणायची पोरीची काय बिशाद?

पहिला ठोका. दुसरा. तिसऱ्याला शेंदराचं कवच तडकलं आणि पिठासारखा भुसा त्याच्या पायांवर सांडला.

सगळा दरबार त्याच्या तोंडाकडे बघत होता. नाथाजीनं होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणला.

"खांब मेलाय, सरकार! बायकांस्नी खाली घ्या!"

पण नगारची शब्द थोडेच ऐकायचा? इतकी वर्षं तो नाथाजीचं तोंड उघडायचीच तेवढी वाट बघत आला होता. तोंड उघडलं आणि टिपरी पडली. नगारे, शिंगं, जयजयकार! सरकार हसून मान डोलवत होते. आप्पासोंनी फेट्याचं तबक पुढं केलं.

नाथाजीनं मोगरी फेकली. खांबाला पाठ लावली, पाय फरशीवर रोवले आणि दोन्ही हात वर करून तो ओरडू लागला, "साळू, मागं सर! मागं सर, बाय!"

साळूनं त्याचे पसरलेले हात पाहिले आणि ती खुदकन हसली. आबा फुलं मागतोय, असंच तिला वाटलं असणार. परडी घेऊन ती पुढं आली, कठड्यावर वाकली, आणि तिचं बघून सगळ्याच बायका पुढं झुकल्या.

झेंडूची फुलं नाथाजीच्या तोंडावर पडू लागली. त्याच्या पाठीशी लाकूड कडाडलं, ते एवढ्या गजरात त्याला एकट्यालाच ऐकू आलं.