तुर्काचा खडक

आमच्या बेटासमोर, हाकेच्या अंतरावर, एक खडक आहे. आजोबांच्या काळी तिथे एका तुर्काचं जहाज फुटलं, म्हणून सगळे त्याला तुर्काचा खडक म्हणतात. खडक ग्रीसचा, नाव तेवढं तुर्काचं.

त्या सकाळी टेकडीवर शेळ्या चारताना मला तिथे पलीकडच्या तुर्कस्तानातून निर्वासितांना घेऊन आलेली एक रबरी होडी बुडताना दिसली. मी बंदरावर फोन लावला. सीमेच्या पहाऱ्यासाठी युरोपच्या उत्तरेकडून आलेल्या नव्या साहेबानं तो उचलला.

“साहेब, तुर्काच्या खडकापाशी माणसं बुडतायत!”

“तुर्कांच्या? मग ती त्यांची हद्द. त्यांना कळवतो.”

“अहो, नुसतं नाव आहे तसं! खडक आपलाच आहे!”

“मिर्सिनीबाई, नियम आहेत,” म्हणाला आणि फोन ठेवून दिला मेल्यानं.

माझा नवरा होडी घेऊन पोचला, तेव्हा तिथे कुणीच ओरडत नव्हतं.

दुपारी लाटांनी सात प्रेतं आमच्या किनाऱ्यावर आणून टाकली. साहेब कागद घेऊन आला.

“कुठे बुडाले? जागेचं नाव सांगा.”

माझं डोकंच फिरलं. “लिहा, आपलाच खडक. ते बुडेपर्यंत तेवढा तुर्कांचा होता.”