डाव्या पायाखालची फळी

"उतरू नका, ताई. बसून राहा तिथंच."

दार उघडून हे माझा पाय खाली घ्यायला वाकलेच होते, ते तसेच थबकले. गॅरेजमध्ये गेलं की आधी मला उतरवायचं, खुर्ची मागून सावलीत बसवायचं आणि मग गाडीला हात लावायचा, असा आमचा शिरस्ता पडून गेला होता. आतापर्यंत जेवढ्या मेकॅनिकांकडे गेलो तेवढे सगळे माझ्याशी अदबीनं वागले. कुणी पंखा लावून दिला, कुणी पाणी आणून दिलं. गाडी मात्र एकालाही उमगली नाही.

"हिच्या पायाचं जरा..." हे म्हणाले.

"दिसतंय मला. पण गाडी बंद पडते तेव्हा ताई कुठं असतात?"

"इथंच. माझ्या शेजारी."

"मग इथंच पाहिजेत."

हा माणूस गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. आख्ख्या गल्लीत त्याला 'सावकाश' म्हणत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. वयानं आमच्याहून बराच मोठा. तारा तपासायचा छोटा दिवा सदैव गळ्यात. बिघाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो एक स्क्रूसुद्धा सोडवत नाही, अशी त्याची ख्याती होती. घाईची माणसं त्याच्याकडे जात नसत. आम्हीही म्हणूनच गेलो नव्हतो.

आमची पिकअप जुनी. लेक शाळेत जायला लागली तेव्हा घेतलेली, आता लेकीची मुलगी शाळेत जाते. यांचा धंदा खिडक्यांच्या काचा पोचवायचा. जन्मभर काचा वाहिलेला माणूस. खड्डा दिसला की आधी श्वास रोखतो आणि मग ब्रेक दाबतो. मला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून मलाही तसंच वाहून नेतात. माझ्या बाजूचं दार कधी आपटायचे नाहीत. तळहातानं दाबत दाबत, खटका लागेपर्यंत हळूच लावायचे. एवढं जपल्यावर माणसाला आपण तडकलेलो आहोत याची आठवण राहते, पण ते यांना कोण सांगणार.

हात सुधारला, जीभ तर पहिल्या आठवड्यातच वळायला लागली (तेवढं नसतं झालं तरी चाललं असतं, असं हे म्हणतात), पण डावा पाय रुसला तो रुसलाच. दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याकडे सांभाळायला दिलाय असा तो अंगाला लटकत होता. गाडीत बसलं की घसरायचा. म्हणून दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात यांनी दुकानातल्या रॅकची एक फळी कापली, लोखंडी पट्टी लावून ती गाडीच्या तळाला तिरकी बसवली आणि वर रबर चिकटवलं. दवाखान्यात व्यायाम करून घेणारी डॉक्टर, लेकीपेक्षाही लहान पोर, ती फळी बघून खूश झाली होती. म्हणाली, "काकू, जाता-येता ही पायानं दाबायची. दाबली गेली का ते बघू नका. नुसतं दाबत राहा."

मी दाबत राहिले. माझ्या बाजूनं मी दाबायची, पण पायाला काही कळत नव्हतं. भिंतीला हाक मारल्यासारखं.

आणि अलीकडे गाडी बंद पडायला लागली. काचा घेऊन जाताना शहाण्यासारखी जायची. मला दवाखान्यात न्यायला निघाले की कुठंतरी गचकन थांबायची आणि मग आपलीआपण चालू व्हायची. गॅरेजवाल्यांच्या यंत्रात दर वेळी एकच दिसायचं, इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा सेन्सर गेला. तो बदलला. परत बदलला. बॅटरीच्या केबली झाल्या, रिले झाले. मी आपली सावलीत बसून बघायची आणि त्यांच्यासमोर गाडी कधी म्हणून बंद पडायची नाही.

"माझाच पायगुण," मी एकदा म्हटलं, तर हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्या दिवशी सकाळी मी सांगून टाकलं होतं. "आजचा व्यायाम झाला की बास. पाय काही यायचा नाही. तुमचा धंदा बुडवून रस्त्यावर ताटकळायचं आणि मिळवायचं काय? मी आता येणार नाही." यांनी गाडी काढली, आणि दवाखान्याच्या रस्त्याला न वळता सावकाशकडे आणली.

त्यानं यांना स्टिअरिंगवर बसवलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि स्वतः माझ्या दाराशी उभा राहिला.

"ताई, गाडी चालताना तुम्ही काय करता?"

"काय करणार? बसते."

"आणखी?"

"बाहेर बघते. यांना हळू चालवा म्हणते."

"याच्याहून हळू चालवली तर मागं जाईल," हे म्हणाले.

"आणखी?"

मला उगीचच लाज वाटली. "पाय दाबते फळीवर. दाबला जात नाही. पण डॉक्टरनं सांगितलंय म्हणून."

त्यानं फळीकडे पाहिलं. "दाबा बघू."

मी दाबला. इंजिन बंद पडलं.

"मी काही नाही केलं," हे घाईनं म्हणाले.

"तुम्ही नाहीच केलं. परत चालू करा. ताई, आता दाबू नका." तो बॉनेटकडे गेला, एकेक तार धरून हलवली, सेन्सरचा जोड हलवला, इंजिनावर हलकं ठोकून पाहिलं. काही झालं नाही. मग परत माझ्यापाशी आला. "आता दाबा."

इंजिन बंद पडलं.

तो गुडघ्यांवर बसला, तळाची चटई सोलून काढली आणि दिवा आत घालून बराच वेळ बघत राहिला. मग यांना बोलावून दाखवलं. फळीच्या पट्टीचा स्क्रू जरा लांब होता. त्याच्या खालून सेन्सरची तार गेली होती आणि तिचं आवरण तेवढ्या जागी सोललेलं होतं. फळी दबली की स्क्रू तारेला टेकायचा, सेन्सरचा निरोप वाटेतच मरायचा, आणि इंजिन थांबलं असं समजून गाडीचा कॉम्प्युटर डिझेल तोडायचा.

यांचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्याच स्क्रूनं."

"फळी कधी बसवली?"

"हिला घरी आणलं तेव्हा. झाले बरेच महिने."

"आणि गाडी बंद पडायला लागली?"

"आत्ता आत्ता."

सावकाशनं फळीवर अंगठा दाबून पाहिला, मग तळहाताचा भार देऊन पाहिलं. "चांगलं रेटावं लागतंय. नुसता पाय ठेवून होत नाही हे." तो माझ्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघत होता. "आधी ताईंना दबत नसेल. आता दबतेय."

मग यांनी परत स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवली. "दाब गं."

मी दाबला. गाडी बंद पडली.

"परत."

परत बंद पडली. गाडी बंद पडल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. कितीदा किल्ली फिरवली कोण जाणे. शेवटी काचा पुसायचं खांद्यावरचं फडकं तोंडावर धरून बसले. मलाही काही दिसेनासं झालं होतं. सावकाश खाली तसाच बसून होता, कुठं म्हणून घाई नव्हती त्याला. त्या माणसाच्या सावकाशपणाचे आभार मी आजही मानते, दर वेळी फळीवर पाय ठेवला की मानते.

मग मला उतरवून खुर्चीत बसवलं आणि त्यानं तार नीट गुंडाळून, नळीत घालून बाजूला बांधली. हे फळीच काढायला निघाले होते.

"राहू द्या," तो म्हणाला. "चांगलं काम करतेय ती. फक्त स्क्रू आखूड घाला."

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं.

"बिघाड तुमच्या पायानं दाखवला, ताई. मी तुम्हाला नुसतं बसवून ठेवलं."

मी यांच्याकडे वळले. "निघायचं ना? व्यायामाला उशीर होतोय."

सकाळचं माझं बोलणं यांनी उकरून काढलं नाही. दार उघडलं. मी सीटवर टेकले, उजवा पाय आत घेतला. हे नेहमीसारखे वाकले, डाव्या पायाखाली दोन्ही हात नेले आणि थांबले. मग हात थोडे खाली घेतले. पाय आणि हात यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली.

पाय उचलला तो दाराच्या कडेला अडला. खाली आला. परत अडला. यांनी हात हलवले नाहीत. तिसऱ्यांदा चप्पल गळून पडली, आणि पाय घासत, वाकडातिकडा, फळीवर जाऊन पडला.

यांनी चप्पल उचलली, शर्टाला पुसली, माझ्या पायात घातली. आणि दार धाडकन लावलं.