हार ड्युटीवरचा

माझी बायको मोहिनी गेली त्या दिवशी मला अभिनंदनाचे मेसेज आले. ती सकाळी जळगावच्या दवाखान्यात वारली. तिच्या भावाने, भूपेंद्रने, व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा हार घातलेला फोटो टाकला. त्याच्या मोबाइलमध्ये दुसरा फोटोच नव्हता. धुळ्याहून पहिलं उत्तर आलं, "कोनता पिच्चर शे हाऊ?" दुसऱ्याने अंगठा पाठवला. तिसऱ्याने लिहिलं, "अक्कांना काम मिळालं, आनंद झाला."

सावद्याला घरापुढे अँब्युलन्स थांबली तेव्हा शेजारच्या झुंबरबाई नवी साडी नेसून, पावडर लावून बाहेर आल्या. "कॅमेरा कुठे आहे, जीवरामभाऊ?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी आत पाहिलं आणि ओट्यावर खालीच बसल्या.

लोकांची चूक नव्हती. मोहिनी लग्नाआधी धुळ्यात मॉडेल होती. भंवरलाल शेठच्या साडीच्या दुकानाच्या पिशवीवर तिचा फोटो असायचा. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरची केळी त्याच पिशवीतून नेली होती. मी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. "मीच आहे," ती म्हणाली. हे आमचं पहिलं बोलणं.

पुढे खान्देशी पिच्चर निघायला लागले. एका पिच्चरला हिरोच्या मेलेल्या आईचा फोटो हवा होता. जिवंतपणी आपल्या फोटोला हार घालून घ्यायला एकही बाई तयार होईना. मोहिनी तिथे हिरॉइनच्या मोठ्या बहिणीचं काम मागायला गेली होती. ती म्हणाली, "माझा लावा." त्यानंतर तिला दुसरं काम कधी मिळालं नाही आणि हे काम कधी थांबलं नाही. जेवढे हिरो झाले त्यांची ती मेलेली आई झाली. दोघांची पहिली बायकोही झाली. ती प्रत्येक वेळी विचारायची, मी कशाने मेले आणि मागे कोण आहे. टीबीने गेलेली बाई आणि विहिरीत पडलेली बाई सारखं हसत नाही, असं तिचं म्हणणं. तालीम घरच्या आरशापुढे चालायची. मी मळ्यातून आलो की विचारायचो, "आज कशाने?"

दवाखान्यात शेवटी ती म्हणाली, "माझ्या फोटोला हार घालू नका. हार ड्युटीवरचा. घरी आल्यावर कोणी युनिफॉर्म घालून बसतं का?"

"नाही घालणार," मी म्हणालो.

शूटिंगला जायचा तोच तिचा फ्रेमचा फोटो मी हार काढून टेबलावर ठेवला. पण दारावर दुखवट्याला येणारा प्रत्येक माणूस हार घेऊन येई आणि मी चहा ठेवायला आत गेलो की घालून टाकी. मी काढी. हार असला की बातमी न कळलेले लोक विचारत, कोणता पिच्चर. नसला की विचारत, वहिनी घरात आहेत का.

"दाजी, हार नाही तर लोकांना कळणार कसं?" भूपेंद्र म्हणाला.

"काय कळणार?"

"अक्का गेली म्हणून."

"तुला कळलं ना?"

तो रडायला लागला. जाताना त्यानेही फोटोला हार घातला.

मग धुळ्याचा योगराज आला. तिचे बरेच पिच्चर त्यानेच काढलेले. तो खूप रडला आणि म्हणाला, "नाना, पारोळ्याला शूटिंग आहे. अक्कांनी शब्द दिला होता."

शब्द दिला होता म्हणून मी फोटो घेऊन पारोळ्याला गेलो. तिथे मी माझ्या हाताने हार घातला. ड्युटी होती. हिरो आला, फोटोपुढे हात जोडले, तेवढ्यात त्याला कोणीतरी खरं सांगितलं. तो मागे सरकला.

"खरंच गेलेल्या बाईचा फोटो? नको रे बाबा. पहिलाच पिच्चर आहे माझा."

"त्या चांगलं काम करतात," योगराज म्हणाला.

"करत असतील. पण आता त्या मेल्यात ना!"

मी योगराजला बाजूला घेतलं. "मेली म्हणून मेलेल्या बाईचं काम गेलं?"

"नाना, ते काम जिवंत माणसानेच करायचं असतं."

मी हार काढला आणि फोटो पिशवीत ठेवला. योगराज हाराच्या फोटोसाठी सेटवर एकेकाला विचारत फिरला. सगळ्यांनी कानाला हात लावले. शेवटी तो माझ्याकडे बघायला लागला. आईच्या जागी वडील केले तरी पिच्चरला काही फरक पडत नव्हता.

मी स्टुलावर बसलो. "थोडं हसा," फोटोवाला म्हणाला.

"मी कशाने मेलो?" मी विचारलं.

"ते काही लिहिलेलं नाही," योगराज म्हणाला.

"मागे कोण आहे?"

"एक मुलगा."

"आणि बायको?"

"बायको आधीच गेलेली आहे, नाना."

"बस, असंच ठेवा," फोटोवाला म्हणाला आणि त्याने फोटो काढला.

योगराजने त्या फोटोला हार घालून तो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर आळीतले लोक हार घेऊन उभे. पुढे झुंबरबाई, या वेळी पावडर न लावता. दार मीच उघडलं.

"अरे देवा, तुम्ही आहात!" त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी खरं निघालं, म्हणून..."

मग आणलेच आहेत तर, म्हणून सगळे हार त्यांनी मोहिनीला घातले.

मी ते काढले. संध्याकाळी भूपेंद्र येऊन गेला, तर पुन्हा एक होता. तोही काढला. मोहिनीचा फोटो एक अख्खा दिवस बिनहाराचा राहिला, असं अजून झालेलं नाही.